रेकॉर्डमध्ये नाही ते ऐकायला जाताना: आवडत्या रॉक बँडचा लाइव्ह शो कसा पाहावा

माझ्या सगळ्यात आवडत्या बँडला पहिल्यांदा समोर पाहिलं, तेव्हा मला गायकाचा आवाज ऐकूच आला नाही. सहा तास रांगेत उभं राहून मी पहिली जागा पटकावली होती. स्टेजच्या अगदी डाव्या कोपऱ्यात, रेलिंगला पोट टेकवून. समोर बेस गिटारचा आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प. दोन तास मी बेस ऐकला, ड्रम ऐकले आणि गायकाचे ओठ हलताना पाहिले. शब्द पाठ होते म्हणून गाणी ओळखता आली. पायात नवे कोरे बूट होते. घरी आले तेव्हा टाचा सोलवटलेल्या होत्या आणि कानात शिट्टी वाजत होती. ती तिसऱ्या दिवशी थांबली.

तरी त्या रात्रीची एक गोष्ट अजून लख्ख आठवते. एका गाण्याच्या ऐन मध्यावर गिटारिस्टची तार तुटली. ड्रमरच्या ते लगेच लक्षात आलं. दुसरी गिटार गळ्यात येईपर्यंत त्याने आणि बेसवाल्याने, दोघांनीच, वीसेक सेकंद ते गाणं तोलून धरलं. तो तुकडा कुठल्याही अल्बमवर नाही. तेव्हापासून माझा हिशेब साधा आहे: रेकॉर्ड घरी आहेच, तिच्यात नाही ते ऐकायला जायचं. खाली जे काही सांगतेय ते याच हिशेबातून आलंय, आणि त्यातलं बरंचसं आधी चुकून मग शिकलेलं आहे.

तिकीट काढताना

यावर फार वेळ घालवत नाही. बँडच्या फॅन क्लबची सदस्य असाल तर विक्री तुमच्यासाठी बहुधा आधी उघडते. पर्ल जॅम या बँडच्या ‘टेन क्लब’मध्ये तर जुन्या सदस्यांना सदस्यत्वाच्या ज्येष्ठतेनुसार पुढच्या जागा मिळत आल्या आहेत. तेव्हा आज ना उद्या बघायचाच असा बँड असेल तर सदस्यत्व लवकर घ्या.

विक्री उघडण्याआधीच उभं राहायचं की बसायचं हे ठरवून ठेवा. पडद्यावर घड्याळ टिकटिकत असताना हा निर्णय नेहमी चुकतो. तिकिटं संपली तरी लगेच हात टेकू नका. स्टेज प्रत्यक्ष उभं राहिलं की कुठल्या जागांवरून दिसायला अडत नाही ते आयोजकांना कळतं आणि शोच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी थोडी तिकिटं पुन्हा सुटतात. अनोळखी माणसाने पाठवलेल्या स्क्रीनशॉटला मात्र पैसे देऊ नका. बऱ्याच डिजिटल तिकिटांचा बारकोड सतत बदलत असतो, त्यामुळे तो स्क्रीनशॉट दारावर कुचकामी ठरतो. आणि आपल्या तिकिटाचा फोटो आनंदाच्या भरात कुठेही टाकू नका.

परवडत असेल तर दोन बँड एकेकदा बघण्यापेक्षा एकच बँड लागोपाठ दोन रात्री बघा, असं माझं ठाम मत आहे. काय ठरलेलं असतं आणि काय त्या क्षणी घडतं, हे दुसऱ्या रात्रीच कळतं. मेटालिकाने २०२३ पासूनच्या दौऱ्यात एकाच शहरात दोन रात्री आणि एकही गाणं पुन्हा नाही, असा बेतच केला होता.

महिनाभर आधी: गृहपाठ

बहुतेक जण शोच्या आधी अल्बम घोटतात. अल्बम तुम्हाला येतोच की. त्या बँडची लाइव्ह रेकॉर्डिंग ऐका. डीप पर्पलचं ‘स्पेस ट्रकिन’ स्टुडिओत साडेचार मिनिटांच्या आसपासचं गाणं. १९७२ मध्ये जपानमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या त्यांच्या लाइव्ह अल्बमवर त्याने तबकडीची एक अख्खी बाजू खाल्ली आहे, जवळपास २० मिनिटं. हे आधी ऐकलेला माणूस आणि न ऐकलेला माणूस शेजारी उभे राहून दोन वेगळे शो बघतात. पर्ल जॅमने आपल्या २००० सालच्या दौऱ्यातले ७० हून अधिक शो स्वतःच अधिकृतपणे बाजारात आणले. ग्रेटफुल डेड तर प्रेक्षकांना रेकॉर्डिंग करू द्यायचे आणि १९८४ पासून त्यांनी त्यासाठी वेगळी जागाच राखून ठेवली. ती जागा कुठे होती ते लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल: मिक्सरच्या, म्हणजे सगळ्यांचा आवाज जुळवायच्या टेबलाच्या, लगेच मागे.

ऐकताना एकच गाणं घ्या. आधी स्टुडिओतलं, मग लाइव्ह, मग पुन्हा स्टुडिओतलं. वेग वाढलाय का? सूर अर्ध्या पट्टीने उतरवलाय का? गायकाचं वय वाढलं की बरेच बँड तसं करतात, त्यात कमीपणा काही नाही. आणि माझा लाडका प्रश्न: अल्बमवर जे गाणं हळूहळू विरत जातं, ते स्टेजवर संपवतात कसं? स्टेजवर काही विरत नाही. कुणीतरी कुणाकडे तरी बघून खूण करावी लागते. ती खूण शोधायची.

सेटलिस्ट, म्हणजे शोमध्ये वाजवायच्या गाण्यांची यादी, आधी बघावी की नाही यावर चाहत्यांमध्ये भांडणं होतात. माझा नियम असा: ज्या बँडचे दिवे, आग आणि पडद्यावरची दृश्यं गाण्यांना बांधलेली असतात, त्यांची यादी रोज जवळपास तीच असते, ती बघून धक्क्याची मजा घालवू नका. जे रोज यादी बदलतात त्यांच्या दौऱ्यातल्या चार-पाच याद्या जरूर चाळा. दुर्मीळ गाणं वाट्याला आलं तर ते दुर्मीळ आहे हे कळायला तर हवं.

नवा अल्बम आला असेल तर तो किमान तीनदा ऐका. ‘आता आमच्या नव्या अल्बममधून’ हे शब्द कानावर पडताच अर्धा हॉल स्वच्छतागृहाकडे चालायला लागतो. त्या अर्ध्यात तुम्ही नसावं.

कान

इथे जरा थांबते, कारण ही गोष्ट मला कुणीच वेळेवर सांगितली नव्हती.

अमेरिकेतल्या निऑश या कामगार-आरोग्य संस्थेचा हिशेब असा: ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला ८ तास चालतील. पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १. असं करत १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. रॉक शोमध्ये १०० ही काही मोठी गोष्ट नाही आणि शो चालतो दोन तास. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा ठिकाणांसाठी जी मर्यादा सुचवली तीही सरासरी १०० डेसिबलचीच आहे. म्हणजे आयोजक नियमाने वागले तरी कान वाचवणं तुमच्याच हातात आहे. १९७६ मध्ये लंडनच्या चार्लटनमध्ये ‘द हू’ या बँडचा आवाज स्पीकरपासून ३२ मीटरवर १२६ डेसिबल मोजला गेला आणि विक्रमांच्या पुस्तकात गेला. लोक कान फोडून घ्यायला लागतील म्हणून पुढे तो विक्रमच बंद केला.

उपाय स्वस्त आणि खिशात मावणारा आहे: इअरप्लग. फोमचे साधे प्लग चालतात, पण ते वरचे सूर जास्त कापतात, त्यामुळे गाणं रजईआडून ऐकल्यासारखं वाटतं. संगीतासाठी फिल्टर असलेले प्लग मिळतात, ते सगळे सूर साधारण सारखेच खाली आणतात. १५ डेसिबल कापणारा प्लग नीट बसला तर १०० चे ८५ होतात आणि ती १५ मिनिटांची मुदत ८ तासांवर जाते. ‘नीट बसला तर’ यातच सगळी मेख आहे. फोमचा प्लग बोटांनी बारीक वळा. दुसरा हात डोक्यामागून आणून कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, म्हणजे कानाची वाट सरळ होते. प्लग आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत, अर्धा मिनिट तरी, बोटाने दाबून धरा. बाहेर लोंबत असेल तर तो नुसता दागिना आहे.

हे घरी आठवडाभर आधी करून बघा. अंधारात, धक्काबुक्कीत पहिल्यांदा जमत नाही. जास्तीची एक जोडी खिशात ठेवा, ती हमखास शेजारच्याला द्यावी लागते. आणि पहिल्या सुराआधी घाला, कान दुखायला लागल्यावर नाही.

प्लगने मजा जाते असं म्हणणाऱ्यांनी एकदा घालून बघावं. आवाजाचा लोंढा कमी झाला की गिटार कुठे संपते आणि कीबोर्ड कुठे सुरू होतो ते उलट जास्त स्पष्ट कळतं. एकच तोटा: प्लग घातल्यावर स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो आणि आपण किती बेसूर गातोय ते पहिल्यांदा कळतं.

शोनंतर कानात शिट्टी वाजत असेल तर त्या रात्री हेडफोन लावू नका, शांत झोपा. दोन दिवसांत गेली नाही तर कानाच्या डॉक्टरांकडे जा. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर दोन दिवस थांबायचं नाही, त्याच दिवशी जा. लहान मुलाला नेत असाल तर त्याला कानांवर बसणारे जाड संरक्षक लावा, छोटे प्लग त्यांच्या कानात टिकत नाहीत.

उभं कुठे राहायचं

पहिल्या रांगेचं वेड मी समजू शकते. घामाचे थेंब दिसतात, गिटारिस्टने तारा छेडायचा पिक भिरकावला तर हातात येतो. पण माझ्यासारखी गत होऊ शकते आणि त्याचं कारण सरळ आहे. मोठे स्पीकर स्टेजच्या दोन्ही बाजूंना उंचावर टांगलेले असतात आणि त्यांची तोंडं मागच्या गर्दीकडे असतात. गायकाचा आवाज मुख्यतः त्यांतून येतो. अगदी पुढच्यांच्या तो डोक्यावरून जातो. तुमच्यापर्यंत पोचतात ते स्टेजवरचे अ‍ॅम्प आणि ड्रम. बऱ्याच ठिकाणी पुढच्यांसाठी स्टेजच्या काठावर छोटे स्पीकर ठेवतात. ते दिसले तर त्यांच्याजवळ उभे राहा.

सगळ्यात नेटका आवाज मिक्सरपाशी मिळतो. हॉलच्या मध्यावर किंवा थोडं मागे, कठडा घातलेला तो चौक असतो. तिथे बसलेला माणूस स्वतःच्या कानांना बरं लागेल असाच आवाज लावणार ना? म्हणून त्याच्या जवळपास उभं राहायचं. ग्रेटफुल डेडचे टेप करणारे तिथेच का बसायचे ते आता कळलं असेल. फक्त बरोबर मधोमध नको. दोन्ही बाजूंच्या सबवूफरचा, म्हणजे खर्जाच्या मोठ्या स्पीकरांचा, आवाज मधल्या पट्ट्यात एकत्र येतो आणि तिथे बेस फुगतो. दहा-बारा पावलं बाजूला सरका, फरक लगेच कळेल. बाल्कनीच्या खाली खोलवरही शक्यतो नको, तिथे वरचे सूर मरतात आणि आवाज गढूळ होतो.

मोठ्या स्टेडियममध्ये आणखी एक गंमत आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. तुम्ही स्टेजपासून १०० मीटरवर असाल तर सूर सुमारे ०.३ सेकंद उशिरा पोचतो. म्हणून मोठ्या पडद्यावर काठी आधी पडते आणि ठोका नंतर येतो. मध्ये मनोऱ्यांवर लावलेले जादा स्पीकर मुद्दाम तेवढ्याच उशिराने वाजवलेले असतात, नाहीतर प्रत्येक ठोका दोनदा ऐकू आला असता. टाळ्यांच्या वेळी वरच्या जागेवरून खाली बघा: पुढचे हात आधी खाली येतात, मग त्यांच्या मागचे, मग त्यांच्याही मागचे. वारा शेतावरून जावा तशी लाट दिसते. हे पहिल्या रांगेतून जन्मात दिसत नाही.

माझी उंची बेताची. उभ्या गर्दीत मधल्या भागात मला फक्त पाठी दिसतात. त्यामुळे मी एकतर मिक्सरच्या कठड्याला टेकते किंवा जिथे जमीन एक पायरी चढते त्या कडेवर उभी राहते. पायरीच्या कडेवरची जागा शोधायला लवकर आत जावं लागतं, पण सहा तास नाही. अर्धा तास पुरतो.

बाजू निवडतानाही विचार करा. आवडता गिटारिस्ट कुठल्या बाजूला उभा राहतो ते जुन्या व्हिडिओंत दिसतंच, बहुतेकांची जागा वर्षानुवर्षं ठरलेली असते. ड्रमर बघायचा असेल आणि तो उजवा असेल तर त्याचं हाय-हॅट, म्हणजे पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी, प्रेक्षकांच्या उजव्या हाताला येतं. त्या बाजूला वरची जागा मिळाली तर त्याचे पायसुद्धा दिसतात. ड्रमरचे पाय दोन तास बघणं हा माझ्या मते तिकिटाचा सर्वोत्तम उपयोग आहे.

शोच्या दिवशी

वापरून मऊ झालेले, पुढून बंद असलेले बूट घाला. त्या दिवशी नीट जेवा, दुपारपासून पाणी पीत राहा. बॅगेचं माप किती चालतं ते ठिकाणाच्या नियमांत आधी बघा, नाहीतर बॅग दारातच अडते. फोन पूर्ण चार्ज, तिकीट फोनमध्ये उतरवून ठेवलेलं, कारण हजारो फोन एकत्र आले की नेटवर्क झोपतं. त्याच कारणाने, चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आत शिरण्याआधी ठरवा. ‘गेटवर’ असं नको. कुठलं गेट, कुठला खांब, तेही ठरवा.

आधी वाजवणाऱ्या बँडला नमनाचं घडाभर तेल समजू नका. त्यांच्या वेळात आवाज कसा पोचतोय ते तपासा आणि जागा बदलायची तर तेव्हाच बदला. मग स्टेज बदलेपर्यंत स्वच्छतागृह, पाणी उरकून घ्या. काही बँड येण्याआधी एक ठरलेली टेप लावतात. मेटालिकाच्या आधी १९८३ पासून एन्यो मॉरिकोनेची एक चित्रपट-धून वाजते, आयर्न मेडनच्या आधी यूएफओ या बँडचं ‘डॉक्टर डॉक्टर’. जुने चाहते तो पहिला सूर ऐकताच हातातलं सगळं टाकून धावतात. आपल्या बँडची अशी खूण कोणती ते माहीत करून घ्या.

दिवे गेल्यावर

पहिली दोन गाणी काहीही करू नका. ओरडा, नाचा. तोवर आवाजही बसलेला नसतो, मिक्सरवाला अजून जुळवत असतो.

तिसऱ्या गाण्यापासून एका गाण्याला एकच वादक बघा. सगळ्यांचे डोळे गायकावर असतात, पण गाणं चालतं ते इतरांच्या नजरानजरेवर. कुणी मान हलवली, कुणी ड्रमकडे वळून पाहिलं, कुणी सोलो चार ठोके जास्त लांबवला आणि बाकीचे हसले, हेच ते रेकॉर्डमध्ये नसलेलं. १३ जुलै १९८५ ला ‘लाइव्ह एड’ या मदतनिधीच्या मैफलीत क्वीन या बँडला जेमतेम २१ मिनिटं मिळाली होती. त्यातही गायक फ्रेडी मर्क्युरीने गाणं बाजूला ठेवून नुसते आलाप वेम्बली स्टेडियमच्या गर्दीवर फेकले आणि गर्दीने ते जसेच्या तसे परत केले. १२ जून २०१५ ला स्वीडनमधल्या गॉथेनबर्गला फू फायटर्सचा गायक डेव्ह ग्रोल स्टेजवरून पडला आणि त्याचा पाय मोडला. तो परत येईपर्यंत ड्रमर टेलर हॉकिन्सने बाकीच्यांना घेऊन दुसऱ्यांची गाणी वाजवून शो चालू ठेवला आणि ग्रोलने उरलेला शो बसून पुरा केला. त्या रात्री तिथे असलेल्या कुणाला आधीची सेटलिस्ट आठवत असेल असं वाटत नाही.

फोनबद्दल उपदेश करत नाही. मी स्वतः एका गाण्याचा अर्धा मिनिट घेते, कुठल्या ते आधीच ठरवून, आणि फोन आत. तोही हनुवटीच्या उंचीवर, मागे माझ्याच उंचीचं कुणी असेल म्हणून. टूल हा बँड तर शेवटच्या गाण्यापर्यंत फोन काढूच देत नाही. मला तो नियम पटतो.

गर्दीत अंग सांभाळताना

हे वाचायला कंटाळवाणं आहे, पण वाचा. ३ डिसेंबर १९७९ ला सिनसिनाटीत ‘द हू’च्या शोआधी दारावरच्या रेट्यात ११ जण गेले. बहुतेक जागा ठरलेल्या नव्हत्या आणि दारं पुरेशी उघडलेली नव्हती. ३० जून २००० ला डेन्मार्कमधल्या रॉस्किल्ड महोत्सवात पर्ल जॅम वाजवत असताना पुढच्या गर्दीत ९ जण चिरडले गेले.

मोश पिट, म्हणजे स्टेजपुढचा एकमेकांना धक्के देत नाचणाऱ्यांचा घोळका, आणि हा रेटा या वेगळ्या गोष्टी आहेत. पिटमध्ये धक्के असतात, पण जागा असते. कुणी पडला की सगळे थांबून त्याला उचलतात, तो तिथला पहिला कायदा. धोका असतो तो जागाच नसते तेव्हा. हात वर काढता येत नाहीत, पाय आपल्या मर्जीने हलत नाहीत, गर्दी लाटेसारखी डोलते, अशी खूण दिसली की आवडतं गाणं चालू असलं तरी निघायचं. एक पाय पुढे ठेवून उभे राहा, दोन्ही हात छातीपुढे आडवे धरा म्हणजे श्वासाला जागा राहते. लाटेला विरोध करू नका. ती ओसरली की तिरकस, कडेच्या दिशेने दोन पावलं, मग पुन्हा थांबा. फोन पडला तर पडू द्या, वाकू नका. ओरडण्यात दम घालवू नका. रेलिंगजवळ असाल तर दोन्ही हात वर करून सुरक्षारक्षकाकडे बघा, ते वर ओढून घेतात. गर्दीच्या हातांवर तोलत डोक्यांवरून सरकत येणारे लोक मागून येतात, म्हणून पुढे उभ्या असणाऱ्यांनी अधूनमधून मागे नजर टाकावी.

शेवटचं गाणं आणि त्यानंतर

बँड आत गेला तरी हॉलचे दिवे लागले नसतील तर हलू नका, ते परत येणार आहेत. दिवे लागले आणि स्पीकरवर रेकॉर्डवरचं गाणं सुरू झालं की खरंच संपलं. तरी दहा मिनिटं थांबा. दारावरची झुंबड ओसरते, आणि स्टेज आवरणाऱ्या एखाद्याकडे नम्रपणे मागितलं तर जमिनीवर चिकटवलेला सेटलिस्टचा कागद मिळूही शकतो. माझ्याकडे असे दोन आहेत. एकावर एक गाणं खोडून हाताने दुसरं लिहिलंय, म्हणजे बेत ऐनवेळी बदलला होता.

त्याच रात्री, झोपण्याआधी, वहीत पाच-सहा ओळी लिहा. गाण्यांची यादी नको, ती कुठेही मिळते. कुठे उभे होता, कुठलं गाणं कसं संपवलं, कोण चुकलं, कोण हसलं, शेजारचं अनोळखी माणूस कुठल्या गाण्याला रडलं. मी हे नंतर शिकले. त्या पहिल्या रात्रीचं मी काहीच लिहून ठेवलं नव्हतं, आणि ती तार नेमकी कुठल्या गाण्यात तुटली यावर माझं आणि माझ्या मैत्रिणीचं आजही पटत नाही.